उलटी अक्षरं

जमारिस कारकून पहाटे आला, गुडघ्यापर्यंत चिखल,
म्हणाला, शिक्का पाहिजे.
कुणाचा?
सरकारचा.
मी वहाणा शिवतो, म्हटलं. आणि सरकार कुठाय?
त्यानं हनुवटीनं दाखवलं वर, दालचिनीच्या रानापलीकडे,
रंगकायो सावियाच्या भाताच्या कोठारात:
सात माणसं,
हातानं फिरवायचं जनित्र लावलेला एक रेडिओ,
आणि एक टाइपरायटर, ज्याचा 'र' मोडलाय.
रेपुब्लिक लिहायचं तर पहिलं अक्षर
शाईनं भरावं लागतं. दर वेळी.

जावातले सगळे एका दिवसात धरले गेले.
वलंदेजांचा रेडिओ सांगतोय, संपलं.
संपलं नाही, असं म्हणायला
कुणीतरी शिल्लक असावं लागतं.
त्या कुणीतरीला, जमारिस म्हणाला,
मंत्रिमंडळ म्हणतात.

माझ्याकडे जपान्यांच्या लॉरीचं टायर होतं, हातभर उरलेलं.
रबर आमच्याच मुलखातलं असणार.
आमच्या झाडांचा चीक बोटीनं जायचा साहेबांच्या देशी,
परत यायचा चाक होऊन, आमच्याच रस्त्यावर.
मी आरी परजली.
कागदावर जमारिसनं काढून दिलं तसं
अक्षर न् अक्षर कोरलं, गोल, बाजूनं भाताची लोंबी.
शाई लावून दाबलं
तर सरकार उलटं.
जमारिस हसला. इतका हसला की दरवाज्याला धरून बसला,
आणि मग हसणं कुठं थांबलं
आणि दुसरं काय सुरू झालं, मी पाहिलं नाही,
आरीला धार लावत राहिलो.

बायकोचा आरसा मागून घेतला.
आता टायर उरलं होतं एवढंच:
एक टाच किंवा एक शिक्का.
आणि टाच ठरलेली होती.
अर्थमंत्री सुतान बागिंदो तीन आठवडे
एका वहाणेवर डोंगर चालत होते.
त्यांचा खजिना बिस्किटाच्या डब्यात:
कुणाकुणाच्या बांगड्या, दोन नथी, सही न झालेल्या नोटा.
निरोप पाठवला. उत्तर आलं,
आधी शिक्का.

पहिला ठसा उठला भाताच्या पावतीवर.
सावियानं चाळीस पुडे भात दिला होता, केळीच्या पानात,
वर मिरचीचं भरडलेलं वाटण.
पावती म्हणत होती: प्रजासत्ताक हे देणं फेडील.
तिला वाचता येत नव्हतं.
तिनं कागद फिरवून फिरवून पाहिला,
विचारलं, वरची बाजू कुठली?
सातांतल्या एकालाही पटकन सांगता आलं नाही.
लोंबी खाली वाकलेली असते, ती म्हणाली, म्हणजे ही.
आणि घडी घालून कमरेला खोचली.

दुपारी लाल चोचीचं विमान दोनदा घिरट्या घालून गेलं.
पोरांनी भाताचा धूर विझवला, सांडलेलं शीत वेचलं.
अंधार पडताच सरकार उठलं.
जनित्र बांबूला बांधून चौघांनी खांदा दिला,
जशी नवरी न्यावी, किंवा मयत, 
चालीवरून ओळखू येत नव्हतं.
टाइपरायटर एका पोराच्या पाठीवर.
शिक्का जमारिसच्या टोपीत.

सुतान बागिंदो सगळ्यांच्या मागे, एक पाय अनवाणी.
बसा, म्हटलं. दोन मिनिटं.
माझ्याकडे तो चुकलेला शिक्का होता.
तळाला चार खिळे मारायचे, की झाली टाच.
पण अक्षरं जमिनीकडे ठेवली असती
तर प्रत्येक पावलाला
रेपुब्लिक उमटली असती चिखलात, उलटी का होईना,
आणि मागून येणाऱ्यांना आयतीच वाट.
म्हणून अक्षरं आत घेतली, त्यांच्या टाचेकडे.

चढणीला लागताना ते किंचित लंगडले.
टोचतंय का?
थोडं, ते म्हणाले.
राहू दे.